हॉट रॉडचं इग्निशन: कुठला पार्ट ओरिजिनल हवा, कुठला डुप्लिकेट चालतो

माझ्या गाडीत ओरिजिनल असं जवळपास काहीच नाही. दिसायला ती १९३१ ची फोर्ड मॉडेल ए, पण बॉडी फायबरची. इंजिन शेवरलेचं, ३५० क्युबिक इंचाचं. गिअरबॉक्स एका जुन्या पिकअपमधून उचललेला. हॉट रॉड म्हणजे हेच: एकाचं धड, दुसऱ्याचं काळीज आणि रंग आपल्या आवडीचा. त्यामुळे डेट्रॉइटजवळच्या एका पार्टच्या दुकानात मी इग्निशनसाठी, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेसाठी, 'ओरिजिनल कंडेन्सर आहे का' असं विचारलं, तेव्हा काउंटरवरचा पोरगा हसून म्हणाला, "ओरिजिनल म्हणजे नक्की कुठल्या गाडीचा?"

प्रश्न खोचक होता, पण मुद्द्याचा होता. कोल्हापूरला उद्यमनगरात काकांच्या गॅरेजवर लहानपणी मी कित्येक सुट्ट्या काढल्या. तिथे पार्टच्या दोनच जाती होत्या, 'कंपनीचा' आणि 'डुप्लिकेट'. फियाटचा प्लॅटिनम पॉइंट कंपनीचा घालायचा, बाकीचं गिऱ्हाइकाचा खिसा बघून. मिशिगनमध्ये स्वतःची हॉट रॉड बांधायला घेतली तेव्हा कळलं की ही वाटणी पुरत नाही. नाव असलेल्या डब्यातून टुकार माल निघतो, आणि जुन्या बाजारातून वीस डॉलरला उचललेला कळकट डिस्ट्रिब्युटर वर्षानुवर्षं न कुरकुरता चालतो.

म्हणून आधी 'सगळं ओरिजिनल' किंवा 'सगळं स्वस्तातलं' असं ठरवू नका. एकेक पार्ट हातात घेऊन ठरवा. नव्या माणसासाठी ओळख एका दमात: कॉइल बॅटरीच्या व्होल्टेजपासून ठिणगीचं मोठं व्होल्टेज बनवते, पॉइंट हा तिचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, डिस्ट्रिब्युटर ती ठिणगी रोटर आणि कॅपमधून एकेका सिलिंडरच्या प्लगला वाटतो, आणि ती नेमकी कधी पडते ते टायमिंग. खालची उदाहरणं बहुतेक शेवरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ ची आहेत. १९५५ साली आलेलं हे इंजिन स्वस्त, आटोपशीर आणि सहज मिळणारं, त्यामुळे फोर्डच्या बॉडीतसुद्धा तेच जाऊन बसलं.

'ओरिजिनल'चे चार अर्थ

दुकानात, जुन्या पार्टांच्या जत्रेत किंवा ऑनलाइन 'ओरिजिनल' म्हणून विकला जाणारा माल चार प्रकारचा असतो.

पहिला डेड स्टॉक. त्या काळात बनलेला, कधीच न वापरलेला, जुन्या डब्यातला. यावर लोक जीव टाकतात, पण सगळ्या पार्टांना तो लागू नाही. पन्नास वर्षांपूर्वीची कॅप, रोटर, पॉइंट, गिअर बिनधास्त घ्या. पॉइंटवर काळपटपणा धरलेला असतो, तो बारीक कानशीने किंवा पॉलिश पेपरने एकदा हलकासा साफ केला की झालं. कंडेन्सर मात्र डेड स्टॉकमधला घेऊ नका. त्यात कागद आणि फॉइलची गुंडाळी असते, ती पडल्या पडल्याही दमट होते. रबर आणि डायफ्राम (व्हॅक्युमच्या डबीतला पातळ पडदा) यांचीही तीच गत.

दुसरा, गाडीच्या कंपनीच्याच पार्ट विभागाचा आजचा माल: जीएमचं (जनरल मोटर्स, शेवरलेची मालक कंपनी) एसीडेल्को, फोर्डचं मोटरक्राफ्ट, क्रायस्लरचं मोपार. तिसरा, गाड्या न बनवता फक्त पार्ट बनवणाऱ्या जुन्या कंपन्यांचा. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही त्यातली एक, १९१९ पासूनची. चौथा बिननावाचा, किंवा रोज नवं नाव लावून येणारा.

गोम अशी की दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातही दोन-दोन दर्जे असतात. स्टँडर्डची 'ब्लू स्ट्रीक' ही वरच्या दर्जाची मालिका, आणि तिच्याच जोडीला एक किफायतशीर मालिकाही विकली जाते. नाव तेच, माल वेगळा. म्हणून कंपनीचं नाव वाचून थांबू नका, कुठली मालिका आहे तेही बघा. 'कुठल्या देशात बनला' यावरूनही मी आता अंदाज बांधत नाही. आशियात बनलेले उत्तम मॉड्युल पाहिलेत, आणि अमेरिकेत बनलेली कॉइल तेल गळताना पाहिली आहे.

पायरी १: आपल्याकडे काय आहे ते ओळखा

कॅप काढा आणि आत बघा. स्मॉल ब्लॉकचा डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या मागच्या टोकाला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या आडभिंतीला) खेटून असतो. कॅपला सरकणारी छोटी पत्र्याची खिडकी असेल तर तो १९५७ नंतरचा डेल्को-रेमीचा पॉइंटवाला. कॅप भली मोठी आणि कॉइल तिच्याच डोक्यावर बसलेली असेल तर तो एचईआय, म्हणजे हाय एनर्जी इग्निशन. त्यात पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्युल असतं. जीएमने हा १९७४ मध्ये काही गाड्यांना दिला आणि १९७५ च्या मॉडेलपासून जवळपास सगळ्यांना.

ही ओळख नुसती माहितीपुरती नाही. जुन्या फोर्डच्या बॉडीत स्मॉल ब्लॉक बसवलं की फायरवॉल आणि डिस्ट्रिब्युटर यांच्यात बोटभर जागा उरते. एचईआयची मोठी कॅप तिथे मावत नाही. मग लोक फायरवॉलला खळगा पाडतात किंवा छोट्या कॅपचा डिस्ट्रिब्युटर घेतात. स्वस्त मिळाला म्हणून एचईआय घरी आणायचा आणि मग ग्राइंडर घेऊन फायरवॉल कापत बसायचं, हा उद्योग माझ्या दोन मित्रांनी केलेला आहे. आधी टेप लावून मोजा.

फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ (व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्ये असलेलं जुनं इंजिन) असेल तर गोष्टच वेगळी. १९३२ ते १९४८ पर्यंतच्या फ्लॅटहेडचा डिस्ट्रिब्युटर पुढच्या बाजूला, थेट कॅमशाफ्टच्या नाकावर बसतो आणि त्यात पॉइंटच्या दोन जोड्या असतात. त्याची जुळवणी टेबलावर, मशिनवर करावी लागते. तिथे माझा सल्ला एका ओळीचा: जुनाच ठेवा आणि जाणकाराकडून रिबिल्ड करून घ्या.

पायरी २: पार्ट घेण्याआधी व्होल्टेज मोजा

पार्टला शिव्या घालण्याआधी त्याला खायला काय मिळतंय ते बघायला हवं. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

पॉइंटवाल्या सिस्टिममध्ये इग्निशन स्विच आणि कॉइल यांच्यामध्ये एक रेझिस्टर असतो, कधी चिनी मातीच्या ठोकळ्यात, कधी खास रेझिस्टन्सच्या वायरच्या रूपात. हिशोब सोपा आहे. नेहमीच्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण दीड ओहम. बारा व्होल्ट सरळ दिले तर आठ अँपिअर वाहतात, आणि पॉइंट काही दिवसांत जळून काळे होतात. मध्ये दीड ओहमचा रेझिस्टर टाकला की करंट चार अँपिअरवर येतो, आणि तेवढा पॉइंटला झेपतो. इंजिन बंद, स्विच चालू आणि पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्लसवर पाच ते आठच्या दरम्यान व्होल्ट दिसायला हवेत. पूर्ण बारा दिसले तर रेझिस्टर गायब आहे. (स्टार्टर मारताना मात्र बायपासमधून पूर्ण व्होल्टेज यायलाच हवं.)

एचईआयचं नेमकं उलटं. त्याला पूर्ण बारा व्होल्ट आणि जाड वायर लागते. जुन्या रेझिस्टन्सच्या वायरीवर एचईआय जोडला की गाडी सुरू होते, गल्लीत नीट चालते आणि हायवेवर मिसिंग करायला लागते. मग दोष मॉड्युलवर जातो.

आणि अर्थिंग. फायबरच्या बॉडीला अर्थ नसतोच. बॅटरी मागे डिकीत, इंजिन पुढे, मधे फ्रेमवर पावडर कोटिंगचा छान थर. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं डिस्ट्रिब्युटरच्या धडाला लावा, इंजिन चालू करा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर इंजिनपासून बॅटरीपर्यंत एक जाड केबल टाका. मी ही केबल टाकायच्या आधी दोन कॉइल आणि एक मॉड्युल विकत घेऊन बसलो होतो. तिन्ही अजून कपाटात आहेत, तिन्ही चांगले आहेत.

पायरी ३: प्रत्येक पार्टला तीन प्रश्न विचारा

हा हळूहळू जातो की एकदम? जाताना दुसऱ्या कशाची वाट लावतो का? आणि रस्त्याच्या कडेला, अंधारात बदलता येतो का? हळू जाणारा, कुणाला न दुखवणारा, पटकन बदलता येणारा पार्ट स्वस्तातला चालेल. उरलेल्यांवर पैसे घाला.

*कंडेन्सर.* दोन-पाच डॉलरची ही नळकांडी सगळ्यात जास्त लोकांना रस्त्यात उभं करते. पॉइंट उघडतात त्या क्षणी त्यांच्यामध्ये ठिणगी उडू नये म्हणून कंडेन्सर तो झटका पोटात घेतो. त्या क्षणाला तिथे दोनशे ते चारशे व्होल्ट असतात. हल्लीच्या स्वस्त कंडेन्सरमध्ये आतली गुंडाळी डबीला नीट दाबून बसवलेली नसते. थंड असताना ठीक, इंजिन तापलं की संपर्क सुटतो. गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने मुकाट सुरू होते, आणि तुम्ही गाडीच्या फ्युएल पंपाला दोष देत राहता.

डबीतून काढल्या काढल्या असा तपासा. कपॅसिटन्स मोजणारा मीटर घ्या, ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या दरम्यान आकडा हवा. मग हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं चांगला तापवा, हाताला चटका बसेल इतका. परत मोजा, आणि मोजता मोजता वायर थोडी हलवा, वाकवा. आकडा उड्या मारायला लागला तर फेका. इन्सुलेशन टेस्टर असेल तर २५० व्होल्टवर गळती बघा, कारण साधा मीटर एक-दोन व्होल्टवर मोजतो आणि त्याला ही गळती दिसतच नाही. मी एकदा सहा स्वस्त कंडेन्सर एकदम मागवले आणि सगळे तापवले. दोन मेले. चार टिकले, त्यातला एक आजही गाडीत आहे. म्हणजे इथे डब्यापेक्षा तपासणी महत्त्वाची. तपासायची तयारी नसेल तर वरच्या मालिकेतला घ्या. आणि चालणारा जुना कंडेन्सर केवळ 'ट्यूनअप करायचाय' म्हणून काढून फेकू नका. पॉइंटची दोन्ही तोंडं एकसारखी राखाडी झिजत असतील तर तो ठणठणीत आहे. एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर डोंगर वाढत असेल तरच बदला.

*पॉइंट.* यात पैसे घाला, तसेही फार लागत नाहीत. स्वस्त पॉइंटची स्प्रिंग मऊ असते, चार हजार आरपीएमच्या पुढे पॉइंट तरंगायला लागतात. कॅमला घासणारा फायबरचा ठोकळाही मऊ असतो. तो झिजला की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडत जातं. नवे पॉइंट १९ थाऊवर (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), वापरलेले १६ थाऊवर ठेवा. कॅमच्या लोबवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा, जास्त नको. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं.

*गिअर.* इथे थोडं थांबतो, कारण या धड्याची फी मी भरलेली आहे.

डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या टोकाला तेरा दातांचा तिरक्या दातांचा गिअर असतो. तो कॅमशाफ्टवर चालतो, आणि त्याच्याच शाफ्टच्या टोकाने ऑइल पंप फिरतो. म्हणजे हा इग्निशनचा पार्ट असला तरी इंजिनच्या पोटात आहे. कॅम ओतीव लोखंडाचा, फ्लॅट टॅपेटचा असेल तर लोखंडी गिअर चालतो. १९८७ नंतरच्या जीएमच्या रोलर कॅमला खास प्रक्रिया करून कडक केलेला मेलोनाइज्ड गिअर लागतो. बाजारातल्या बिलेट स्टीलच्या कॅमला ब्राँझचा किंवा कंपोझिटचा. जोडी चुकली की दोघांतला एक दुसऱ्याला खातो.

पहिल्या बांधणीत मी शंभर डॉलरच्या आतला, लाल कॅपचा, आरशासारखा चकचकीत डिस्ट्रिब्युटर घेतला होता. गिअर कुठल्या धातूचा ते विचारलं नाही, आणि विक्रेत्यानेही कुठे लिहिलं नव्हतं. उन्हाळाभर टायमिंग हळूहळू मागे सरकत होतं. मी दर पंधरा दिवसांनी डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवून ते जागेवर आणायचो, आणि 'जुनं इंजिन आहे, चालायचंच' म्हणायचो. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवरच्या क्रूझच्या (जुन्या गाड्यांच्या फेरीच्या) आधी ऑइल बदललं, तेव्हा निथळणाऱ्या ऑइलमध्ये चंदेरी झाक दिसली. डिस्ट्रिब्युटर उपसून काढला. गिअरचे दात सुरीसारखे धारदार झाले होते, नखाने वाकतील असे. फिल्टर कापून उघडला तर घड्यांमध्ये सगळीकडे चुरा. ती क्रूझ मी फुटपाथवर खुर्ची टाकून पाहिली, आणि हिवाळ्यात इंजिन उघडून बेअरिंगं बदलली.

दोष अर्धा माझाही होता. मी जास्त क्षमतेचा ऑइल पंप आणि दाट ऑइल घातलं होतं, आणि तो सगळा भार याच गिअरवर येतो. रस्त्यावर चालणाऱ्या साध्या ३५० ला तसला पंप लागत नाही.

तर, गिअर नेहमी नामांकित कंपनीचा, धातू लेखी विचारून घ्या. सुटा मिळतो, पिन ठोकून बदलता येतो.

*एचईआयचं मॉड्युल.* हे एकदम जातं, इशारा न देता. मुख्य शत्रू उष्णता. यात वरच्या मालिकेतलं किंवा एसीडेल्कोचं घ्या आणि एक सुटं जवळ ठेवा. बसवताना खालची पाठ आणि डिस्ट्रिब्युटरची बैठक दोन्ही पुसून उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट पातळ लावा. अनेक तयार स्वस्त डिस्ट्रिब्युटरमध्ये मॉड्युलखाली पेस्टच नसते. दोन स्क्रू काढून बघायला दोन मिनिटं लागतात.

*पॉइंटच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक किट.* पर्ट्रॉनिक्ससारखं चुंबकाच्या कड्यावर चालणारं. चांगलं आहे, बाहेरून दिसत नाही, जुन्या रूपाला धक्का लागत नाही. यात डुप्लिकेटच्या नादी लागू नका. आणि इंजिन बंद असताना स्विच चालू ठेवून रेडिओ ऐकत बसू नका, साध्या किटमध्ये मॉड्युल किंवा कॉइल जळू शकते. या किटबरोबर तांब्याच्या तारेच्या प्लग वायरी चालत नाहीत. सुती विणीच्या जुन्या धाटणीच्या वायरी शोभून दिसतात, पण त्यांत आत बहुधा तांबं असतं. नुसत्या पॉइंटवर त्या ठीक.

*कॅप आणि रोटर.* कॅपच्या आतली टोकं पितळी हवीत, अॅल्युमिनियमची नकोत. ती पांढरी पडून कुरतडली जातात. बाकी कॅप स्वस्तातली चालेल, हळूहळू जाते आणि आधी कुरकुरते. रोटर मात्र बघून घ्या. डेल्कोचा रोटर दोन स्क्रूंनी बसतो आणि त्याच्या खाली एक गोल, एक चौकोनी खुंटी असते. दोन्ही न दाबता बसायला हव्यात. एचईआयच्या जोरदार व्होल्टेजपुढे कच्चं प्लॅस्टिक मधोमध भोक पाडून घेतं आणि ठिणगी प्लगकडे जाण्याऐवजी शाफ्टमध्ये उतरते. रोटर उलटा करून मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतोय का बघा.

*कॉइल.* खरं सांगायचं तर कॉइलवर लोक उगाच पैसे उधळतात. रेझिस्टन्स जुळणारी, साधी, नीट बंद केलेली कॉइल पुरते. विकत घेताना मीटर खिशात ठेवा, लेबलवर 'बाहेरचा रेझिस्टर हवा' असं लिहिलंय का ते वाचा.

*वायरी आणि प्लग.* वायरी सप्रेशनच्या (रेडिओतली खरखर दाबणाऱ्या), एक्झॉस्टपासून लांब. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. यात पाच आणि सात हे शेजारी सिलिंडर लागोपाठ पेटतात, म्हणून त्यांच्या वायरी समांतर बांधू नका. प्लग नेहमी नामांकित कंपनीचा, पण अधिकृत विक्रेत्याकडून. मोठ्या कंपन्यांच्या प्लगच्या हुबेहूब नकला सर्रास विकल्या जातात, त्यामुळे अतिस्वस्त 'ओरिजिनल'वर विश्वास ठेवू नका. गॅप पॉइंटला ३५ थाऊ, एचईआयला ४५.

पायरी ४: तयार डिस्ट्रिब्युटर टेबलावर तपासा

एवढं वाचूनही पूर्ण नवा स्वस्त डिस्ट्रिब्युटर घ्यायचा मोह होतोच. घ्या, पण डब्यातून थेट इंजिनात नको. तासभर टेबलावर बसा.

आधी शाफ्ट बोटांनी आडवा हलवा. बुशमध्ये जाणवण्याइतका प्ले असेल तर परत पाठवा. मग उभा हलवा. गिअर आणि धड यांच्या फटीत फिलर गेज सरकवा. १० ते ३० थाऊच्या दरम्यान हवं. स्वस्त मालात हे अंतर याच्या दुप्पट-तिप्पट सापडतं. दात तिरके असल्याने शाफ्ट वर-खाली झाला की तितकाच फिरतो, आणि टायमिंग लाइटमध्ये खूण नाचताना दिसते. उपाय स्वस्त आहे: गिअरची पिन ठोकून काढा, शिम वॉशर (अंतर भरणारी पातळ चकती) घाला, पिन नवी ठोका. पिन परत घालताना गिअरवरची खळगीची खूण रोटरच्या टोकाच्या बाजूला आहे ना ते बघा. दात तेरा, म्हणजे विषम. गिअर उलटा बसला तर अर्ध्या दाताचा फरक पडतो, आणि मग डिस्ट्रिब्युटर हवा तिथे फिरत नाही, व्हॅक्युमची डबी (इंजिनच्या ओढीवर टायमिंग पुढे-मागे करणारी) मॅनिफोल्डवर आपटते. कारखान्यातूनच असा उलटा बसून आलेला एक मी पाहिलाय.

रोटर काढून खालची वजनं (वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी) बोटांनी उघडा. सहज उघडली पाहिजेत आणि स्प्रिंगने चटकन परत यायला हवीत. खुंट्यांवर खरबरीतपणा असेल तर पॉलिश पेपर फिरवा आणि थेंबभर तेल द्या. व्हॅक्युमच्या नळीला तोंड लावून ओढा आणि जिभेने बंद करा. आतली प्लेट हलून तिथेच थांबली तर डायफ्राम ठीक. एचईआय असेल तर कॉइलखालची अर्थची पट्टी आहे ना तेवढं कॅपचं झाकण उघडून बघा.

आता माझं मत. यातलं कुठलंच न करता जो पैसे वाचवायला निघाला आहे, त्याने जुना डेल्कोच शोधावा. या देशात वसंतापासून जागोजागी जुन्या पार्टांची जत्रा भरते. पेन्सिल्व्हेनियात हर्शीला ऑक्टोबरमध्ये भरणारी त्यातली सगळ्यात गाजलेली. पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलेल्या माणसाला तिथे घरच्यासारखं वाटेल. डिस्ट्रिब्युटर उचला, शाफ्ट आडवा हलवा, न डुगडुगणारा बाजूला काढा, घासाघीस करा. नवे पॉइंट, तापवून तपासलेला कंडेन्सर, चांगला रोटर, हव्या त्या धातूचा गिअर आणि दोन शिम. चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी जी बॅटरीवरची इग्निशन उभी केली, त्याच घराण्यातला हा पार्ट. 'डेल्को' हे नावही केटरिंगच्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीचंच आद्याक्षरी रूप. माझ्या गाडीत आज तोच आहे.

पायरी ५: बसवणं आणि टायमिंग

जुना काढण्याआधी रोटरची दिशा फायरवॉलवर खुणा करून ठेवा. गिअरला असेंब्लीचं ग्रीस लावा. खाली उतरताना रोटर थोडा फिरतो, तेवढं आधीच मागे धरा. शेवटचे चार सूत बसत नसेल तर ठोकू नका. खाली ऑइल पंपाची दांडी फटीत बसलेली नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरने ती फिरवून घ्या.

व्हॅक्युमची नळी काढून तोंड बंद करा आणि टायमिंग लाइट लावा. आयडलला आठ ते बारा डिग्री, आणि आरपीएम तीन हजारांवर नेल्यावर एकूण ३४ ते ३६ डिग्रीच्या आसपास थांबायला हवं. स्वस्त डिस्ट्रिब्युटरमध्ये इथेच घोळ असतो: अॅडव्हान्स (टायमिंगचं पुढे सरकणं) फार लवकर येतो किंवा थांबतच नाही. तेव्हा स्प्रिंग बदला, किट मिळतं. खुणेवरही आंधळा विश्वास नको. जुन्या क्रँक पुलीची बाहेरची रिंग रबरावरून सरकलेली असू शकते, म्हणून पहिल्या सिलिंडरमध्ये पिस्टन स्टॉप लावून शून्य एकदा पक्कं करा.

पहिल्या पाचशे मैलांनंतर डिस्ट्रिब्युटर एकदा उपसून दात बघा. दाताच्या मधोमध गुळगुळीत पट्टा दिसला तर छान. धार दिसली तर तिथेच थांबा.

पायरी ६: डिकीतला डबा

माझ्या डिकीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. त्यात तपासलेली पॉइंट-कंडेन्सरची जोडी, एक रोटर, स्क्रू ड्रायव्हर, फडकं आणि एक सुती म्हणजे एक अष्टमांश इंची अॅलन की. फिलर गेज विसरलात तर एकपदरी व्हिजिटिंग कार्डाने पॉइंटचा गॅप इंजिन सुरू होण्यापुरता लावता येतो. मग इंजिन चालू ठेवा, कॅपची खिडकी वर सरकवा, अॅलन की आत घाला आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हळूहळू फिरवत न्या. इंजिन अडखळायला लागलं की अर्धा वळसा मागे घ्या. डेल्कोने ती खिडकी ठेवली ती याचसाठी. खिडकी बंद करा, बोनेट लावा. घरी पोचल्यावर मीटर लावून बघाल तेव्हा ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) तीस डिग्रीच्या आसपासच असेल.